हे पुस्तक कशाचं असेल?

पुस्तक स्वतःच्या पैशाने काढायचं ठरलं की मजकुरापेक्षा मुखपृष्ठाबद्दल बोलणारे जास्त भेटतात. मजकूर वाचायला वेळ लागतो, मुखपृष्ठावर मत द्यायला एक कप चहा पुरतो. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी नोकरीतल्या आठवणी लिहून काढल्या. एका प्रकाशकांनी हस्तलिखित ठेवून घेतलं आणि बऱ्याच महिन्यांनी, "लिहिलंय चांगलं, पण जमीन मोजणाऱ्याचं पुस्तक विकत कोण घेणार?" असं म्हणून परत केलं. प्रश्न रास्त होता. मात्र त्याचं उत्तर शोधण्याचं काम आता माझ्या गळ्यात पडलं, आणि ते सापडलं मुखपृष्ठ ठरवता ठरवता.

पुस्तकाचं नाव पहिल्यापासून पक्कं होतं : 'हद्द कायम'. मोजणीच्या अर्जात मोजणीचा प्रकार लिहावा लागतो, त्यातला हा एक. शेजाऱ्याने बांध कोरला असा संशय आला की माणूस हद्द कायमची मोजणी मागतो. आम्ही नकाशा घेऊन शेतात जायचो, खुणा दाखवून द्यायचो, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन परत यायचो. माझ्या पुस्तकात मोजणी थोडी आणि बांधावर जमलेली माणसंच जास्त आहेत. एकमेकांशी बोलणं टाकलेले सख्खे भाऊ, पत्र्याच्या पेटीत पणजोबांपासूनचे कागद जपणारी विधवा, हद्दीचा दगड कुठे पुरला आहे हे गावात एकट्याला ठाऊक असलेला म्हातारा. खात्यातल्या कुणालाही 'हद्द कायम' म्हटलं की हे सगळं डोळ्यांपुढे येतं. खात्याबाहेरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे नावाने अर्धवट सोडलेलं काम मुखपृष्ठालाच करायचं होतं.

घरातल्या सूचना लगेच सुरू झाल्या. थोरल्या बंधूंना कपाळावर हात ठेवून बसलेला शेतकरी हवा होता, खाली भेगाळलेली जमीन. मेहुण्यांना नांगर आणि सूर्यास्त. मुलाचं म्हणणं, मोजणीच्या यंत्रामागे उभा असलेला माझाच फोटो टाकावा. भाच्याने तर मोबाइलवर एआयकडून मिनिटभरात चित्र काढून दाखवलं. यंत्राच्या तिपाईला चार पाय होते, शेतकऱ्याच्या डोक्यावर राजस्थानी फेटा होता आणि साताऱ्याच्या शेतामागे बर्फाचे डोंगर होते. नाव टाकायला सांगितल्यावर त्याने जी अक्षरं काढली ती लांबून देवनागरी वाटायची, जवळ गेल्यावर कुठलीच नव्हती. चित्र सुबक होतं, हे मान्य केलं पाहिजे.

खरं तर मुखपृष्ठाचा संस्कार म्हणावा तसा माझ्यावर झालाच नव्हता. मी वाढलो नगर वाचनालयाच्या पुस्तकांवर, आणि तिथे पुस्तक आलं की पहिल्यांदा त्याची बांधणी व्हायची. मूळ मुखपृष्ठ जायचं, वर रेक्झिन आणि कण्यावर हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. आम्ही पुस्तक निवडायचो ते लेखकाच्या नावावरून, नाहीतर पानांच्या कडा किती मळल्या आहेत ते पाहून. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन चित्रकारांनी मराठी पुस्तकांना जो चेहरा दिला, तो मला ओळखीचा झाला दिवाळी अंकांमुळे. दलालांनी तर १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचाच अंक सुरू केला होता. त्या अंकांवरच्या बायकांचे रंग अजून आठवतात, पण आत काय होतं ते मुखपृष्ठावरून कधीच कळायचं नाही आणि कळण्याची गरजही नव्हती. दिवाळी अंक घ्यायचा हे आधीच ठरलेलं असायचं. माझ्या पुस्तकाची वाट बघत कुणीही बसलेलं नव्हतं.

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती मात्र मी चित्रासारख्या बघायचो. कमल शेडगे यांनी कितीतरी नाटकांच्या नावांची अक्षरं केली. जाहिरात बोटभर उंचीची, काळ्या शाईतली, शेजारी दहा दुसऱ्या नाटकांची गर्दी. तरी नाव वाचण्याआधीच अक्षरांच्या वळणावरून कळायचं की हे ऐतिहासिक, हे विनोदी, हे रडवणारं. २०२० मध्ये शेडगे गेले तेव्हा मी त्या जुन्या जाहिराती पुन्हा शोधून पाहिल्या. आज पुस्तक मोबाइलवर दिसतं ते तेवढ्याच आकारात, अंगठ्याच्या नखाएवढं. तेवढ्या जागेत चित्रातला बारकावा टिकत नाही, पण अक्षराचं वळण टिकतं. हे पुढे उपयोगी पडलं.

मुखपृष्ठासाठी पुण्यातली एक तरुण मुलगी मिळाली. तिने पाच-सहा नमुने पाठवावेत आणि मी एक निवडावा, अशी माझी कल्पना होती. तिने नमुने पाठवलेच नाहीत, आधी प्रश्न विचारले.

"काका, हे पुस्तक विकत कोण घेईल?"

"ज्याला जमीन आहे तो."

"जमीन असलेले सगळे पुस्तकं घेतात?"

मी गप्प बसलो. मग तिने मला कामाला लावलं. म्हणाली, दुकानात जा, आणि तुमच्या पुस्तकाच्या शेजारी कोणती पुस्तकं ठेवलेली असतील ते बघा. हातात घेऊ नका, चार पावलं मागे उभं राहून बघा.

अप्पा बळवंत चौकातली दुकानं झाली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथेही हिंडलो. मोजणी करणाऱ्याला लांबून बघायची सवय असतेच. चार पावलांवरून प्रत्येक जातीच्या पुस्तकाचा एक गणवेश दिसायला लागला. ऐतिहासिक कादंबरीवर भगवा-तांबडा रंग, तलवार, घोडा, ढग. यशाचा मंत्र देणाऱ्या अनुवादांवर कोरी जागा आणि भलीमोठी अक्षरं. आत्मचरित्रावर लेखकाचा चेहरा. तो चेहरा लोकांच्या ओळखीचा असेल तर उत्तम, नसेल तर पुस्तक श्रद्धांजलीचं वाटतं. माझा फोटो तिथेच बाद झाला. कवितासंग्रहावर धूसर काहीतरी. आणि एका कोपऱ्यात माझी ओळखीची मंडळी : जमीन महसूल कायदा, सातबारा कसा वाचावा, वाटणी आणि वारसनोंद. लाल-निळी साधी मुखपृष्ठं, ठळक अक्षरं, आणि समोर गिऱ्हाईक.

इथे मला मोह झाला, तो लपवत नाही. तालुक्याच्या गावी बाकी पुस्तकं पडून राहतात, पण जमिनीच्या कायद्याची मार्गदर्शक पुस्तकं खपतात. 'हद्द कायम' हे नाव, वर मोजणीच्या नकाशाचं चित्र, खाली 'निवृत्त भूकरमापक', एवढं ठळक छापलं असतं तर बांधाच्या भांडणात अडकलेल्या पुष्कळ लोकांनी पुस्तक उचललं असतं. घरी जाऊन त्यांना अर्जाचा नमुना मिळाला नसता, म्हाताऱ्याची गोष्ट मिळाली असती. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की नकाशात आहे तेवढंच तुमचं. आता स्वतःच्या पुस्तकावर नसलेलं क्षेत्र दाखवणं जमणार नव्हतं. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही ते खोटंच होतं. स्वतः प्रकाशक असलेल्या लेखकाचं पुस्तक एकाने दुसऱ्याला सांगितल्यावर चालतं. फसलेलं गिऱ्हाईकही दुसऱ्याला सांगतंच.

मग घेणार कोण? त्या मुलीशी बोलता बोलता एक माणूस आकाराला आला. तो पुण्यात, ठाण्यात, कदाचित दुबईत राहतो. शेती त्याने कधी केली नाही. पण गावच्या सातबाऱ्यावर काका-आत्यांच्या रांगेत त्याचं नाव आहे, आणि वडील फोनवर अचानक आवाज खाली का करतात हे त्याला लहानपणापासून कळलेलं नाही. तो आठवणींची पुस्तकं वाचतो. त्याला चार पावलांवरून दोन गोष्टी कळायला हव्या होत्या : हे जमिनीचं आहे, आणि हे माणसांचं आहे. एवढा निवाडा झाल्यावर उपशीर्षक आपोआप आलं, 'जमीन मोजताना दिसलेली माणसं'.

आता तिने तीन कच्चे नमुने केले. पहिल्यात काळ्या मातीचा आणि सुरकुतलेल्या हातांचा फोटो. दुसऱ्यात मोजणीची साखळी, ठळक, पानभर. तिसऱ्यात टिपण. टिपण म्हणजे शेताचं मोजमाप दाखवणारा हाताने काढलेला जुना नकाशा. मधून एक लांब रेघ, तिच्यावर दोन्ही बाजूंना काटकोनात गेलेल्या आखूड रेघा, प्रत्येकीवर साखळी-आण्यांतलं माप. आमची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. नव्या यंत्रांच्या काळातही जुन्या हद्दीचा वाद निघाला की ही टिपणं बाहेर येतात.

मला साखळी आवडली होती. तिच्याशी माझं नातंच होतं. घरात हातांचा फोटो पसंत होता. टिपण कुणालाच विशेष वाटलं नाही. त्या मुलीने निकाल दिला नाही. म्हणाली, "अनोळखी माणसांना दाखवा. पण आवडलं का, असं विचारू नका. तीन सेकंद मोबाइलवर दाखवा, मोबाइल खिशात घाला आणि विचारा, हे पुस्तक कशाचं असेल?"

माझ्या मते स्वतः पुस्तक काढणाऱ्याला उपयोगी पडेल असं या सगळ्या खटाटोपातलं एवढं एकच आहे. पांढऱ्या केसांच्या माणसाने 'आवडलं का' विचारलं की आपल्याकडे 'छान आहे' याखेरीज उत्तर येत नाही. त्यातून माणसाचं वळण कळतं, मुखपृष्ठाचं काही कळत नाही. 'कशाचं असेल' या प्रश्नाला मात्र सभ्यपणाने देता येईल असं उत्तर नाही. दिसलं तेच सांगावं लागतं. शिवाय उत्तर ऐकून लेखकाला वाद घालायची सोय राहत नाही. समोरचा चुकला असं म्हणता येत नाही, कारण दुकानात आपण शेजारी उभे राहून समजावणार नसतो.

मी बँकेच्या रांगेत विचारलं, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये विचारलं, वाचनालयात विचारलं. हातांचा फोटो बघून जवळजवळ सगळ्यांनी शेतकरी आत्महत्या सांगितली, आणि दोघा-तिघांनी नजर वळवली. साखळी बघून उत्तरं आली ती तुरुंग, वेठबिगारी, स्वातंत्र्यसैनिक. वर 'हद्द' हा शब्द वाचलेल्या एका फौजी माणसाने, सीमेवरच्या चौकीचं पुस्तक आहे का, असं उत्साहाने विचारलं. माझी साखळी माझ्याखेरीज कुणीच ओळखली नाही. ज्या वस्तूवर माझी हयात गेली ती लोकांच्या लेखी कैद्याच्या पायातली बेडी होती. टिपण बघून बहुतेकांनी नकाशा, जमीन, कोर्ट असं सांगितलं. एका बाईंना ते ब्लाउजचं कटिंग वाटलं. त्यांच्याकडे शिवणाचा क्लास होता, आणि रेघा बघितल्या तर त्यांचंही बरोबर होतं.

म्हणजे टिपणात जमीन होती, माणसं नव्हती. मग त्या मुलीने मधल्या लांब रेघेच्या दोन्ही बाजूंना नखाएवढी दोन माणसं उभी केली, एकमेकांकडे पाठ करून. बाकी काही बदललं नाही. पुढच्या वेळी कँटीनमधल्या पोऱ्याने मोबाइल बघितल्या बघितल्या सांगितलं, "भावाभावांचं भांडण." तिथे मी विचारणं बंद केलं.

टिपण खऱ्या शेताचं वापरायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. मोजणीचा कागद हा कुणाच्या तरी घरातला वाद असतो. गट नंबर झाकला तरी शेताच्या आकारावरून गावातला माणूस शेत ओळखतो. म्हणून मी एक शेत कल्पनेने बेतलं, पण मापं खरी घातली. साखळी-आण्यांचा हिशेब जाणणाऱ्या कुणी क्षेत्र काढून पाहिलं तर ते जुळेल. वाचकाला याने फरक पडत नाही, पण माझे जुने सहकारी मुखपृष्ठ हातात आलं की पहिल्यांदा तेच करणार, याची मला खात्री होती.

अक्षरांना चित्राइतकाच वेळ गेला. 'हद्द' मधला 'द्द' फार अवघड प्राणी. देवनागरी नीट न पेलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो फुटतो आणि पाय मोडलेला एक 'द' व त्याच्या शेजारी धडका 'द' असे दोन उरतात. शेवटी तिने 'हद्द' हाताने लिहून काढलं, एकाखाली एक नीट बसलेल्या दोन 'द'सह. जुन्या नकाशांवर बोरूने लिहिलेली अक्षरं असतात, तसं जाड-बारीक वळण त्याला दिलं. उपशीर्षक फॉंटमध्ये होतं. 'दिसलेली' या शब्दातले दोन्ही 'ल' मला खटकले, ते हिंदी वळणाचे आले होते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला आहे. काही फॉंटांत दोन्ही रूपं असतात, भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. वाचकाने ते बोलून दाखवलं नसतं, पण पुस्तक हिंदीतून आलेलं वाटलं असतं.

हे सगळं स्वतःच्याच हाताने जमण्याच्या बाबतीत कवी अरुण कोलटकर भाग्यवान. १९७६ साली त्यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत 'क्लिअरिंग हाउस' सुरू केलं. कवींनीच कवींची पुस्तकं काढायची, असा तो प्रकार. 'जेजुरी' तिथूनच आलं. जाहिरातक्षेत्रात मुरलेले कोलटकर पुस्तकांची मांडणी स्वतःच करायचे. आपण कोलटकर नसलो की जाणणाऱ्याला पैसे द्यावेत आणि त्याचं ऐकावं, दोन्ही करावं. नुसते पैसे देऊन सूर्यास्त काढून घेणारे लेखक मी पाहिले आहेत.

पैशांबरोबर कागदही करावा. खात्यातली सवय म्हणून मी चित्रकर्तीशी लेखी करार केला, आणि तो करताना कळलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ई-बुक परदेशात विकायचं असेल, दहा वर्षांनी पुढची आवृत्ती काढायची असेल, तर हे आधीच लिहून घेतलेलं बरं. इंटरनेटवरून उचललेला फोटो तर लावूच नये. आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' असं लिहून तिचं नाव छापलं, तेही करारातच होतं.

छपाईचा भाग थोडक्यात सांगतो. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मांत छापलं जातं. माझी २०८ पानं, म्हणजे तेरा फॉर्म. कण्याची जाडी कागदावर ठरते, आणि ७० जीएसएमचे दोन वेगवेगळ्या मिलचे कागद सारख्या जाडीचे असतातच असं नाही. त्यामुळे कागद नक्की होऊन कोऱ्या पानांची डमी हातात येईपर्यंत मुखपृष्ठाची फाइल पक्की करू नये. माझा कणा अकरा मिलिमीटरच्या आसपास भरला. त्यात देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यात 'द्द' दोन मजली, म्हणून कण्यावरची अक्षरं वाटलं होतं त्याहून बारीक ठेवावी लागली. कडांना तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायचा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ दिसते. पडद्यावरचा रंग शाईत तसाच येत नाही. माझा जुन्या कागदाचा पिवळा पहिल्या प्रुफात हळदीसारखा आला. तो दुरुस्त करून, ज्या आर्ट कार्डावर छापायचं त्याच कार्डावर, मॅट लॅमिनेशन चढवून पुन्हा प्रूफ मागितलं. मॅट हाताला बरं लागतं आणि दुकानातल्या दिव्याखाली चकाकत नाही. गडद मुखपृष्ठावर त्यावर ओरखडे दिसतात, माझं फिकं असल्याने तो प्रश्न आला नाही. आयएसबीएन क्रमांक लेखकाला स्वतःच्या नावाने, ऑनलाइन अर्ज करून, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. त्याचा बारकोड मलपृष्ठावर पांढऱ्या चौकटीत, भोवती मोकळी जागा ठेवून बसवावा.

मलपृष्ठावर काय लिहायचं, यावर मात्र माझं आणि चित्रकर्तीचं जमलं नाही. तिला एका नामवंताचे चार शब्द हवे होते. मी पुस्तकातला एक प्रसंग सहा ओळींत दिला, शेवट न सांगता. नामवंतांची स्तुती पाहून पुस्तक घेणारा माणूस माझ्या नजरेसमोर नव्हता. तिचं अजूनही म्हणणं आहे की ती जागा वाया गेली. पुस्तक खपलं त्याचं श्रेय पुढच्या बाजूला की मागच्या, हे मोजायचं यंत्र निघेपर्यंत हा वाद असाच चालायचा.

पुस्तक छापून आल्यावर एका ग्रंथमहोत्सवात मी स्वतः स्टॉलवर बसलो, तेव्हा मला माणसांपेक्षा त्यांचे हात बघायचे होते. लोक पुस्तक उचलायचे, दोन पाठमोऱ्या माणसांवर बोट ठेवायचे आणि बरोबरच्याला काहीतरी सांगायचे, बहुधा आपल्याच घरातलं. त्यातले काही घ्यायचे, काही ठेवायचे. वाटणीच्या केससाठी माहिती आहे का, असं विचारणारे आले, पण थोडे. बहुतेकांनी लांबूनच ओळखलं होतं की हे ते पुस्तक नाही, आणि ते शेजारच्या कायद्याच्या स्टॉलवर गेले. त्यांच्या जाण्याचं मला वाईट वाटलं नाही.

आता गावाकडचे निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, नर्सताई आपापली हस्तलिखितं आणि मुखपृष्ठाचे नमुने घेऊन येतात. कसं वाटतं, म्हणतात. मी मत देत नाही. त्यांच्यादेखत शेजारच्या दुकानदाराला बोलावतो, तीन सेकंद दाखवतो आणि तो एक प्रश्न विचारतो. बरेचदा लेखक मध्येच बोलायला लागतात, तेव्हा त्यांना गप्प करण्याचं काम तेवढं मी करतो.

थोरल्या बंधूंना आमचं मुखपृष्ठ अजून पसंत नाही. शेतकरी घातला असता तर बघणाऱ्याच्या काळजाला भिडलं असतं, असं ते आल्यागेल्याला सांगतात. त्यांची तक्रार मी मनावर घेत नाही. त्यांना प्रत फुकट मिळाली आहे, मुखपृष्ठ विकत घेणाऱ्यासाठी होतं.